मस्कत ते बिबवेवाडी, बहिणीच्या ज्युरीसाठी

सुपरवायझरने विचारलं, "बहिणीचं लग्न आहे का?"

म्हटलं, "नाही, परीक्षा आहे."

तो हसायलाच लागला. परीक्षेला भावाचं काय काम? लग्नाला सुट्टी मिळते, मयताला मिळते, परीक्षेला मिळत नाही. मग दुसऱ्या आठवड्यात जाऊन लग्न आहे म्हणून सांगितलं. लगेच सही केली. खोटं बोलल्याशिवाय खऱ्या कामाला सुट्टी नाही, ही आमच्याकडची पद्धत. प्रवासाची सुरुवात इथूनच चिडून झाली आणि पुढे काही ती चीड उतरली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुण्याची गोड गोड माहिती हवी असेल तर दुसरे ब्लॉग भरपूर आहेत.

मी मस्कतला टँकर चालवतो. रस्त्याच्या मधोमध गवत आणि जांभळी फुलं लावलेली असतात, त्यांना पाणी घालायचं. शाळा नववीत सुटली. नंतर सुरत, गोवा, परत पुणे, कुठे टिकलो नाही. माझी धाकटी बहीण अस्मिता मात्र टिकली. पाच वर्षं आर्किटेक्चर केलं आणि आता त्याच्यावर लँडस्केपचं एम. आर्च. लोकांना वाटतं लँडस्केप म्हणजे बागेत कुंड्या मांडायच्या. तसं नाही. जमिनीचा उतार, पाणी कुठून येतं, कुठे जातं, झाडं, माणसं कुठून चालतील, कुठे बसतील, ते सगळं त्यात येतं. एवढं मला तिच्या फोनवरून कळलंय.

शेवटी एक थिसिस असतो. जागा आपण निवडायची, तिचा नकाशा करायचा, मग तिथे काय करावं ते मोठमोठ्या शीटवर काढायचं. ती शीटं भिंतीला लावून उभं राहायचं आणि समोर बाहेरून आलेले आर्किटेक्ट बसतात, ते प्रश्न विचारतात. याला ज्युरी म्हणतात. अस्मिताने जागा घेतली होती आमचीच. बिबवेवाडीत आमच्या वस्तीच्या मागून ओढा जातो, त्याचा काठ.

"पुढच्या महिन्यात शुक्रवारी फायनल आहे," ती फोनवर म्हणाली. "ओपन असते. कोणीही येऊन बघू शकतं."

"मी येतो."

"कशाला? तू नुसता चिडशील."

"नाही चिडणार."

पास झाली तर बाणेरच्या एका ऑफिसात तिची जागा ठरलेली होती. नाही झाली तर एक्स्टेन्शन, म्हणजे अख्खी टर्म पुन्हा, आणि बाणेरवाले तोवर थांबणार नव्हते. आमच्या घरात इतकं शिकलेलं कोणी नाही. म्हणून निघालो.

मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीवाले पुण्याचा भाव सांगतात. तो ऐकून घ्यायचा आणि पुढे चालायचं. रिक्षाने सायनला या, तिथे पुण्याच्या गाड्या लागतात. निमआराम मिळाली तर ती घ्या. एसी गाडीत पिक्चर लावतात आणि आवाज बंद करता येत नाही. एक्सप्रेसवेच्या फूड मॉलवर वडापाव खाऊ नका, पाव कालचा आणि भाव उद्याचा. त्यापेक्षा घरून डबा आणलेला कोणी शेजारी बसला असेल तर त्याच्याशी ओळख करा. मी केली. मेथीचे ठेपले मिळाले.

घाट संपला की बिल्डरांचे बोर्ड सुरू होतात. 'निसर्गाच्या कुशीत', 'हिरवाईत जगा'. डोंगर फोडून बांधायचं आणि बोर्डावर हिरवाई. चित्रात गोरी बाई, गोरा नवरा, सोनेरी केसांचं पोर. यातलं एकही कुटुंब मी पुण्यात कधी दूध आणताना पाहिलेलं नाही. वाकडला आयटीवाल्यांच्या कंपन्या दिसायला लागल्या. काचेच्या बिल्डिंगी, पुढे गालिच्यासारखी हिरवळ, गेटला चार सिक्युरिटी. हिरवळीवर चिटपाखरू नाही. पाणी कोण घालतं तिथे? माझ्यासारखाच कोणीतरी टँकरवाला. त्याला तरी आत बसून डबा खाऊ देतात का, देव जाणे.

स्वारगेटला उतरलो.

"बिबवेवाडी?"

रिक्षावाला पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "तिकडे नाही जात."

"मग कुठे जाता?"

"ठरवलं नाही अजून."

पुण्यात आल्याची खात्री पटली. सहा नंबरच्या बसची वाट बघण्यापेक्षा चालत गेलो तरी चालतं, ऊन नसेल तर.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉटवर शीटं, कॉटखाली शीटं, मोरीच्या कठड्यावर थर्माकोलचा ओढा वाळत घातलेला. आई दारातच बसून भाकरी थापत होती, कारण आत गॅसच्या शेजारी वॉर्निश होतं. "जपून ये," एवढंच म्हणाली. दोन वर्षांनी पोरगा आला, तर म्हणे जपून ये. सुकट-भाकरी खाल्ली तेव्हा जरा बरं वाटलं.

मग अस्मिताने मोठं शीट उलगडलं. सगळ्यात महत्त्वाचं चित्र. काम झाल्यावर ओढ्याचा काठ कसा दिसेल ते.

खरंच सुंदर होतं. फुटकी सिमेंटची कड काढून टाकलेली, उताराला वाळा, करंज, उंबर, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. मागे आमचा विहार, त्याची पांढरी भिंत, पिंपळ. आणि पायऱ्यांवर एक गोरी बाई योगा करत होती. तिच्या पुढून एक गोरा माणूस कुत्रा घेऊन पळत होता. पिंपळाखाली निळ्या चड्डीतला सोनेरी पोरगा पतंग उडवत होता.

"हे कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? फिगर्स आहेत. स्केल कळायला घालतात. माणूस किती उंच, झाड किती उंच."

"ते कळलं. कोण आहेत ही? विहारापुढे कुत्रा कोण पळवतंय?"

"दादा, सगळेच घालतात. नेटवरून मिळतात, कापलेल्या तयार."

"आपली मावशी कुठाय? सुमन मावशी? ती रोज तिथे मासे घेऊन बसते. ती कुठे गेली तुझ्या चित्रात? उठवली का?"

आई भाकरी उलटत म्हणाली, "आला का याला राग? अजून बॅग नाही उघडली."

उघडणार पण नव्हतो. आमच्या आजोबांनी, त्यांच्या बरोबरच्यांनी छप्पन सालानंतर त्या ओढ्याकाठी घरं घातली. बाकीचं बिबवेवाडी तेव्हा शेत होतं. आता चारी बाजूंनी सोसायट्या. कॉर्पोरेशनच्या नकाशात आमची वस्ती नीट दिसत नाही, बिल्डरच्या बोर्डावर दिसायचा प्रश्नच नाही. आणि आता घरच्याच पोरीने काढलेल्या चित्रातही नाही? मी बरंच बोललो. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं बोललो.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शनिवार पेठेत गेलो, प्रिंट काढायला. तिची वर्गमैत्रीण मृण्मयी तिथेच राहते, तिच्या घराखालीच प्लॉटरवाला आहे. मृण्मयीचं शीट निघत होतं, हिंजवडीच्या आयटी पार्कचं तळं. त्यातही तोच कुत्रेवाला. त्याच कुत्र्यासकट.

"हा माणूस फार फिरतो," मी म्हटलं.

मृण्मयी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तिचे भाऊ ना? काल ऐकलं तुमच्याबद्दल. फोनवर मागून आवाज येत होता."

"मग आपली माणसं का नाही घालत?"

"पांढऱ्या बॅकग्राउंडवर उभे असलेले आपले लोक मला नेटवर मिळाले नाहीत. गोरे मिळाले. तुम्हाला मिळाले तर मला पण पाठवा. आपण एक सीडी काढू."

मी म्हटलं, "नेटवर कशाला, वस्तीत मिळतील." मग अस्मिताकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. खरं सांगतो, तेव्हा तीही हसली. तिलाही पटलं.

इथे जाता जाता, शनिवारवाड्याच्या मागच्या गल्लीत मिसळ खा. गाड्यावर कांदा दुसऱ्यांदा मागू नका. "कांदा एकदाच मिळेल. शेतकऱ्याला भेटायचं असेल तर मंडईत जा," असं ऐकावं लागतं. मी ऐकलं.

संध्याकाळी वस्तीत फोटो काढायचं ठरलं. पार्श्वभूमी साधी हवी, म्हणजे माणूस कापायला सोपा. म्हणून अस्मिताने सगळ्यांना विहाराच्या पांढऱ्या भिंतीपुढे बोलावलं. फोनवर कळल्याबरोबर दुपारीच आईने बायकांना सांगून टाकलं होतं की आपलं चित्र कॉलेजात लागणार आहे, मोठे मोठे साहेब बघणार आहेत.

आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो तर अख्खी वस्ती पांढऱ्यात. रविवारी वंदनेला नेसतात त्या पांढऱ्या साड्या, पुरुष पांढऱ्या शर्टात, इस्त्री मोडू नये म्हणून हात लांब धरून उभे. सुमन मावशीने मासे लवकर विकून अंघोळ केलेली.

"मावशी, रोजच्या साडीत यायचं ना," अस्मिता रडकुंडीला आली.

"रोजच्या साडीत? कॉलेजात? मासळीचा वास येईल त्या चित्राला."

"फोटोला वास येतो का?"

"येतो. तुझ्या साहेबाला येईल."

मग मीच डायरेक्टर झालो. "मावशी, चालल्यासारखं करा. कॅमेऱ्याकडे बघू नका. आडव्या उभ्या राहा. आता बसा. पायरीवर बसल्यासारखं." कोणाला स्टूल दिलं, कोणाला बादली पालथी. कॅरमवाले म्हणाले, आम्ही खेळताना काढा, तर त्यांना म्हटलं, कॅरम नको, नुसते उभे राहा. मजा आली. सगळे हसत होते. इतका चांगला दिवस त्या ट्रिपमध्ये दुसरा नव्हता.

रात्री कॉम्प्युटरला बसल्यावर कळलं काय झालंय. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या साड्या. भिंत पुसायला गेलं की साडी पुसली जायची. मावशीचं डोकं, दोन हात आणि खाली चपला. मधे काही नाही.

मग फोटो स्टुडिओत जाऊन प्रिंट काढून आणले आणि दुसरा अख्खा दिवस आई, मी आणि अस्मिता कात्रीने माणसं कापत बसलो. आईच्या हातची नीट कापली गेली, तिने आयुष्यभर ब्लाउज बेतलेत. माझ्या हातून एका काकांचा कान गेला. गोऱ्यांना काढून टाकलेल्या नवीन शीटवर आमची माणसं खळीने चिकटवली. भरून गेला ओढ्याचा काठ. मी म्हटलं, आता झालं चित्र.

शुक्रवारी कॉलेज. गेटवरच्या वॉचमनने माझ्याकडे आणि हातातल्या मॉडेलकडे बघून सांगितलं, "सामान मागच्या गेटने." अस्मिता म्हणाली, "भाऊ आहे माझा." तो म्हणाला, "भाऊ पुढून, सामान मागून." मी सामानाबरोबर मागून गेलो. कोणाला ज्युरी बघायला जायचं असेल तर खरंच कोणी अडवत नाही, मागच्या खुर्च्या मोकळ्या असतात, चहा मिळतो. फक्त हातात काही धरू नका.

मृण्मयीचं आधी झालं. तळं, पाणवनस्पती, गाळ, सगळं विचारलं. कुत्रेवाला शीटवर तसाच पळत होता, त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पास.

अस्मिता उभी राहिली. छान बोलली. ओढ्याचा उतार, पावसात किती पाणी चढतं, सिमेंटची कड का काढायची. मुंबईहून आलेले एक सर मान डोलवत होते. "साइट रीडिंग उत्तम आहे." मग ते त्या मोठ्या शीटजवळ गेले आणि वाकून बघायला लागले.

"हे कोण लोक आहेत?"

"वस्तीतले आहेत सर. आमच्या."

"सगळे पांढऱ्यात? काही फंक्शन आहे का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं. थांबलं.

"फोटो काढायचा म्हणून नेसल्यात सर."

"पण फारच गर्दी होतेय. लँडस्केप दिसतच नाहीये. फिगर्स शांत हव्यात, नजर खेचायला नकोत. आणि कटिंग... या गृहस्थांना कान नाही."

माझं डोकं गरम झालं. पण अस्मिता शांतपणे म्हणाली, "सर, ही माणसं स्केलसाठी नाहीत. ती तिथे राहतात."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, बरं झालं. कारण टोकाच्या खुर्चीवर एक वयस्कर मॅडम बसल्या होत्या, सुती साडीतल्या, सकाळपासून फारशा बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "अस्मिता, या बाई तुझ्या पायऱ्यांवर बसल्या आहेत. यांचं नाव काय?"

"सुमन मावशी."

"त्यांना पायऱ्या हव्यात का?"

अस्मिताने वळून शीटकडे बघितलं.

"विचारलं होतंस?"

"नाही मॅडम."

"कोणालाच?"

"नाही."

"मग त्यांना तिथे बसवलं कोणी?"

ती माझ्याकडे बघणार नाही अशी मी प्रार्थना केली. तिने बघितलं नाही. म्हणाली, "मीच."

दुपारी बोर्डावर लागलं. एक्स्टेन्शन. पुढच्या टर्मला पुन्हा या, राहणाऱ्या लोकांशी बोलून या.

कॉलेजसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी सुरू झालो. ही काय पद्धत आहे, त्या हिंजवडीच्या कुत्रेवाल्याला कोणी विचारलं का, बाबा तुला तळं हवंय का म्हणून? त्याला विचारायचं नाही, मग मावशीचंच का निघालं? गोऱ्यांना फुकट फिरू देता आणि आमची माणसं चित्रात आली की लगेच परीक्षा?

"झालं बोलून?" अस्मिता म्हणाली. "मग ऐक. ती तीन गोरी माणसं ठेवली असती तर मी आज पास होते. बाणेरला सोमवारी हजर झाले असते."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे असतं तर बरं झालं असतं. तुला शिव्या घालून मोकळी झाले असते. मलाही तेच बरोबर वाटलं होतं ना. आणि मॅडमने विचारलं तेही बरोबरच होतं. मी दोन वर्षं त्या ओढ्याचं पाणी मोजत होते, दादा. मावशीच्या दारावरून जात होते रोज. जय भीम मावशी, जय भीम बाळा. एकदा तरी विचारायचं होतं."

चहा तसाच राहिला. मला राग त्या मॅडमचा यायला हवा होता, आणि येतही होता, पण त्यात दम नव्हता. बादली पालथी घालून "पायरीवर बसल्यासारखं करा" म्हणणारा मीच होतो. कॅरम बाजूला ठेवायला लावणाराही मीच.

वस्तीत शिरलो तर सगळे वाट बघत. "आवडलं का आमचं चित्र?" मावशीने विचारलं.

अस्मिताने सरळ सांगितलं. नापास नाही म्हणत, पण पुन्हा करायचंय. तुम्हाला काय हवंय ते विचारलं नव्हतं म्हणून.

"एवढंच? मग विचार की. आत्ता सांगते. भिंत घाल."

"कसली भिंत?"

"ओढ्याला. उंच. सिमेंटची."

"मावशी, भिंत नाही घालायची. भिंतीने ओढा मरतो. पाणी पसरायला जागा लागते."

"पसरतं ना. माझ्या घरात पसरतं."

आई म्हणाली, "भिंत पाहिजेच. आणि त्या पायऱ्या कशाला काढल्यास? उतरून काय करायचं? धुणी धुवायचे दिवस गेले, मशीन घेतलंय लोकांनी."

"दिवा लाव तिथे, संडासच्या वाटेला," कोणीतरी म्हणालं. कॅरमवाल्यांना वर पत्रा हवा होता. झाडं? झाडं ठीक आहेत, पण करंज नको, कचरा करतो.

अस्मिता ओरडलीच. "दोन वर्षं मी भिंती पाडायलाच शिकले! आणि तुम्हाला सगळ्यांना भिंतच पाहिजे?"

"आम्ही कुठे शिकलोय," मावशी म्हणाली. "तू विचारलंस म्हणून सांगितलं. नको असलं तर विचारू नको."

अस्मिता आत गेली आणि दार लावून घेतलं. माझ्यासारखीच. आई म्हणाली, "दोघं एकाच मापाचे."

दोन दिवसांनी मी निघालो. ती स्वारगेटपर्यंत आली नाही. मी निघताना तिने मोठं शीट भिंतीला लावलेलं होतं आणि त्याच्यापुढे उभी होती, माझ्याकडे पाठ करून. "पोचल्यावर फोन कर," म्हणाली. मीही नीट बोललो नाही.

मस्कतला येऊन आता बरेच दिवस झाले. बाणेरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तुम्ही कधी पुण्याला गेलात तर बिबवेवाडीचा ओढा बघायला जा असं काही मी सांगणार नाही, वास येतो. पण कोणी बहीण-भाऊ शिकत असेल आणि शेवटची परीक्षा उघडी असेल तर जा. जाऊन गप्प बसा. मला नाही जमलं. पुण्याचा राग येतो अजून, वॉचमनचा येतो, त्या हसणाऱ्याचा येतो. रोज टँकर घेऊन निघालो की मधल्या पट्टीतल्या गवताकडे बघून वाटतं, हे इथे कोणी मागितलं होतं?

मागच्या शुक्रवारी अस्मिताचा फोन आला. आवाज बरा होता. टर्म पुन्हा सुरू झालीय. घराघरात जाऊन विचारतेय. भिंत घालतेय म्हणाली, जिथे घरं सखल भागात आहेत तिथे, आणि जिथे जागा आहे तिथे पाणी पसरू देतेय. मावशी अजून भांडते. मॅडम बघतील तेव्हा बघतील.

"आज आपल्या घराचा नंबर आहे," ती म्हणाली. "आईचं झालं. तुझं राहिलंय."

"मला काय विचारतेस?"

"सगळ्यांना विचारते तेच. पहिला प्रश्न, इथे किती वर्षं राहणार?"

"हा काय प्रश्न झाला?"

"याच्यावरूनच बाकीचं ठरतं. मावशी म्हणाली, मरेपर्यंत. आई म्हणाली, पाणी गळ्याला येईपर्यंत. तुझं काय?"

मी टँकर कडेला घेतला. मागून हॉर्न वाजत होते. वर्षं मोजायला गेलो आणि राग यायला लागला.

म्हटलं, "भिंत चांगली उंच कर."

"ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, दादा."